यादी लागेपर्यंतचा तास

पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा झाली, मुलाखतही झाली. यादी मात्र लागलेली नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे कितीतरी तरुण याच अवस्थेत रोज वर्गावर जातात. मानधन घेतलेल्या तासांपुरतेच, सुट्टीत तेही नाही. अशा माणसाला फळाची आशा सोडायला सांगणे हा अन्याय नव्हे काय?

टिळकांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त याचे उत्तर सापडते. फलाशा सोडणे म्हणजे हेतू किंवा प्रयत्न सोडणे नव्हे, असा त्यांचा आग्रह. अर्ज करावा, पाठपुरावा करावा, हक्कही मागावा.

फ्रान्समधल्या शाळांत तत्त्वज्ञान शिकवलेली सिमोन वेल आणखी एक पाऊल पुढे जाते. १९४२ सालच्या निबंधात तिने अभ्यासातल्या अवधानाचे नाते प्रार्थनेशी जोडले. अवधान म्हणजे मन मोकळे ठेवून वाट पाहणे. मागच्या बाकावरची मुलगी अडखळत उत्तर शोधत असते, तेव्हा शिक्षकाला हीच वाट पाहावी लागते. निकालाच्या काळजीने व्यापलेल्या मनाला अशी वाट पाहणे जमत नाही, म्हणून फलाशेचा त्याग इथे खरोखर उपयोगी पडतो.

पण तो शिक्षकाने स्वतःहून करायचा. विद्यापीठांनी तो त्याच्याकडून गृहीत धरू नये; याद्यांच्या तारखा आधी जाहीर कराव्यात आणि पाळाव्यात.