मदतीचे माप

२०२० च्या महामारीत शाळा व उपाहारगृहे बंद पडली, तेव्हा अमेरिकेतील अनेक गवळ्यांना दूध ओतून टाकावे लागले. तेथील सरकारने शेतकऱ्यांच्या थेट साह्यासाठी प्रथम १६ अब्ज डॉलर काढले आणि काउंटीकाउंटीतील शेतकी कचेऱ्यांमार्फत वाटले. जितके दूध, जितकी गुरे, तितकी रक्कम. माणशी कमाल अडीच लाख डॉलर. साह्य हानीच्या प्रमाणात द्यावे की गरजेच्या? ज्याचा गोठा मोठा त्याची हानीही मोठी, हे खरे. पण चार गुरांवर जगणाऱ्याच्या घरात पडलेला खड्डा या मापात मावत नाही.

तरी त्या नियमांतील एक गोष्ट आम्हांस बोचते. रोख खंडाने जमीन देणारा मालक तेथे अपात्र होता. पिकाची जोखीम जो घेई, त्यासच पैसे. आपल्याकडे त्याच एप्रिलात पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता लहानमोठ्या पात्र खातेदारांस सारखाच मिळाला. परंतु जमीन ज्याच्या नावे, त्याला. गावी सातबाऱ्यावर नाव आमचे. केंद्राच्या नोकरीमुळे आम्ही अपात्र, आणि ते रास्तच. जमीन खंडाने कसणारा मात्र नाव नाही म्हणून अपात्र. त्याने फोनवर विचारले, "दादा, आमचं काय?"

आम्ही त्यास नियम नीट समजावून सांगितला; कारकुनाला तेवढे उत्तम साधते. खंड त्या वर्षी ठरल्याप्रमाणे पुरता घेतला.