पटकीचा जंतू आणि कमरेवरचे हात

"जीव तर त्यालाही आहे ना, बाई? मग औषध टाकून मारता कसं?"

आषाढीला आमच्या पंढरपूरच्या वाड्यात परभणीकडची एक दिंडी उतरते. तिच्यातल्या एका मावशींनी हे विचारलं तेव्हा मी बादलीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर कालवून चुना खाली बसायची वाट बघत होते. वरची निवळी आडात ओतायची, अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्ट. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं की क्लोरिन शिल्लक आहे. हे काम मी कुणावर सोपवत नाही. जन्मभर ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, तेही गळ्यात तुळशीची माळ घालून. माळ आणि डार्विन एका गळ्यात कसे नांदतात, असं सहकारी चिडवायचे. त्यांना काहीतरी ठोकून देता यायचं. मावशींना तसं देता येईना, कारण ज्याने मुंगीतही देव बघायला सांगितलं त्या पंथातल्या बाईने विचारलेला प्रश्न होता, आणि तो अगदी सरळ होता.

आधी ज्याला मारायचं तो कोण, हे तरी बघावं. पटकीचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी. 1884 मध्ये कोलकात्यात रॉबर्ट कॉखने त्याला ओळखलं. आकार स्वल्पविरामासारखा, मागे एक शेपूट. याचं मूळ घर खाडीतलं निमखारं पाणी. तिथे कोपेपॉड नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या प्राण्यांच्या कवचावर तो चिकटून बसतो, तेच कवच कुरतडतो आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असतो. माणसाचं आतडं त्याच्या इतिहासात फार उशिरा आलं. आणखी गंमत म्हणजे ज्या विषाने माणूस काही तासांत सुकून मरतो, ते विष मुळात त्याचं नाहीच. 1996 मध्ये वॉल्डर आणि मेकालानोस या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की विषाची जनुकं एका विषाणूकडून आलेली आहेत. हा विषाणू जंतूच्या आत शिरतो, त्याच्या गुणसूत्रात जाऊन बसतो, आणि निरुपद्रवी जंतू मारेकरी होतो. दुसऱ्या जातीचे विषाणू याच जंतूत शिरून आत आपल्या शेकडो नकला काढतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. एक विषाणू त्याला शस्त्र देतो, दुसरा त्याचा फडशा पाडतो. खलनायक नेमका कोणाला म्हणायचं?

जंतूंना खाणाऱ्या या विषाणूंची पहिली चाहूल आपल्याच देशात लागली. 1896 मध्ये आग्र्याच्या हॅन्किन या रसायन परीक्षकाने लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, आणि पाणी उकळलं की त्याचा हा गुण जातो. पुढे 1917 मध्ये फेलिक्स डेरेल यांनी त्या अदृश्य भक्षकांना बॅक्टेरिओफाज हे नाव दिलं. नदीचं पावित्र्य विज्ञानानेच सिद्ध केलं म्हणून हा किस्सा भक्तिभावाने सांगितला जातो. मी तो ऐकते आणि गप्प बसत नाही. भक्षक जिथे भक्ष्य तिथेच वाढतो. ज्या पाण्यात फाज भरपूर, त्यात कधीतरी त्यांचं खाद्यही भरपूर होतं, म्हणजे वरच्या अंगाला कुणीतरी घाण सोडली होती. चंद्रभागेची थोरवी गायला मला हा पुरावा नको.

असाच दुसरा लाडका दाखला दशावताराचा. आधी मासा, मग कासव, मग वराह, मग नरसिंह, म्हणजे आपल्या पूर्वजांना उत्क्रांती ठाऊकच होती! काही जुन्या चित्रांत नववा अवतार म्हणून आमचा विठ्ठलच काढलेला असतो, तेव्हा आम्हा पंढरपूरकरांना तर ही गोष्ट फारच गोड लागते. पण दशावतार म्हणजे चढत जाणाऱ्या पायऱ्या, आणि उत्क्रांतीत पायऱ्या नाहीत, फांद्या आहेत. जिवाणू खालच्या पायरीवर राहून गेलेले नाहीत. साडेतीनशे कोटी वर्षं तेही तितकेच बदलत, तितकेच निभावून इथवर आलेत. 1992 मध्ये मद्रासकडे पटकीचा एक नवाच प्रकार उद्भवला. त्याच्या अंगावरचं साखरेचं आवरण बदललं होतं, त्यामुळे आधीची पटकी सोसून प्रतिकारशक्ती कमावलेली मोठी माणसंही आजारी पडली. याला कुठल्या अवतारात बसवणार?

डार्विनला खरा त्रास झाला तो असे घातक जीव मुळात का आहेत, याच प्रश्नाचा. 1860 मध्ये आसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने एका माशीचं उदाहरण दिलं होतं. तिची पिल्लं जिवंत अळीचं शरीर आतून खात वाढतात. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने ही माशी मुद्दाम घडवली असेल, हे त्याच्या गळी उतरेना. त्याच्यासमोरचा देव कारागीर होता. प्रत्येक जीव हेतू धरून बनवणारा. उत्क्रांतीने त्या कारागिराची गरजच संपवली.

आमच्या देवाचे हात कमरेवर आहेत. संतांनी त्याला जगाचा कर्ताही म्हटलंय, ते मला ठाऊक आहे. पण गाभाऱ्यात त्याच्यासमोर उभी राहते तेव्हा मला घडवणारा दिसत नाही. ना शस्त्र उगारलेलं, ना आशीर्वादाचा हात वर. विटेवर उभा आहे, बस. व्हिब्रिओ त्याने बनवला का, या प्रश्नाला तिथे जागाच राहत नाही. त्या जंतूत तो आहे का, या मावशींच्या प्रश्नाला मात्र राहते. माझं उत्तर, हो. जंतूत आहे, विषाणूतही आहे.

विषाणू म्हटलं की गावाला 2020 आठवतं. 1 जुलैची आषाढी, पालख्या एसटीने आलेल्या, गावात संचारबंदी. अशा वेळी विषाणूत देव सांगणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतील. पण आपल्या जनुकसंचातला साधारण आठ टक्के भाग जुन्या रेट्रोविषाणूंचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ते आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत घुसले आणि तिथेच राहिले. त्यांतल्या एकाकडून आलेलं सिन्सिटिन नावाचं प्रथिन 2000 साली ओळखलं गेलं. विषाणू ज्या युक्तीने पेशीला चिकटून तिच्यात मिसळायचा, तीच युक्ती वारेच्या पेशी वापरतात. एकमेकींत मिसळून त्यांचा जो अखंड थर होतो, त्यातून आईचं पोषण बाळाला पोचतं. ज्या पंढरीत देवाला माऊली म्हणतात, तिथे हे कीर्तनात कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

दिंडीचे विणेकरी हे सगळं ऐकून म्हणाले, "ज्याचं त्याचं प्रारब्ध." हे मात्र मला सोसवत नाही. वडील सांगायचे, त्यांच्या तरुणपणी पटकीची सुई टोचल्याचा दाखला असल्याशिवाय यात्रेकरूला गावात घेत नसत. मरण प्रारब्धातच असतं तर सुईने टळलं नसतं. त्यापेक्षा मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडणाऱ्यांची समज मला जास्त बरी वाटते. आजार वाटेने येतो आणि वाटेने जातो, एवढं त्यांनी ओळखलं होतं.

पॉल इवाल्ड या जीवशास्त्रज्ञाचा एक तर्क आहे, वाद असलेला, पण मला पटतो. माणसामाणसांतून पसरणाऱ्या रोगाला रोगी हिंडता-फिरता लागतो. त्याला पार आडवं पाडणं रोगाच्याच तोट्याचं. पण घाण पाणीच वाहक झालं, तर रोगी अंथरुणाला खिळला तरी जंतूचं काही अडत नाही, आणि जहाल जंतूचं फावतं. पाणी स्वच्छ ठेवलं तर सौम्य जंतू टिकतात. म्हणजे जंतूचा स्वभाव घडवण्यात आमच्या गटारांचाही वाटा. गाडगेबाबा पंढरपुरात येऊन वाळवंट झाडायचे. मला ती उपासना या अर्थानेही दिसते. आणि याच गावात संसर्गाची भीती शतकानुशतकं पाण्याऐवजी माणसांवर लादली गेली. चोखोबांची समाधी देवळाबाहेर आहे. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून इथे तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. जंतू त्याआधीही जात विचारत नव्हता.

मावशींचा प्रश्न तरी उरतोच: देव असलेल्या जिवाला मारायचं कसं? मी म्हटलं, दोन जिवांत देव असेल आणि एकालाच वाचवता येत असेल, तर जो तहानलेला माझ्या दारात उभा आहे त्याला वाचवते. त्या म्हणाल्या, "हे बरं आहे तुमचं, स्वतःच्या बाजूचं." खरंच आहे ते. त्याहून वरचं उत्तर माझ्याकडे नाही.

मग मी त्यांना रीटा कॉलवेल या शास्त्रज्ञ बाईंचं बांगलादेशातलं काम सांगितलं. जुन्या सुती साडीच्या चार-आठ घड्या करून पाणी गाळलं तर कोपेपॉड कापडावर अडकतात, त्यांच्या अंगावरचे जंतूही अडकतात, आणि त्या गावांत पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. मावशींचा चेहरा खुलला. नारूच्या काळापासून गाळणं त्यांच्या ओळखीचं. शिवाय सोलापूर जिल्ह्यातली जैन घरं पाणी गाळून झाल्यावर गाळणीतले जीव पुन्हा मूळ पाण्यात सोडतात, हेही मी सांगितलं. त्यांनी लगेच जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या, चंद्रभागेचं पाणी गाळलं आणि कापड नदीत विसळायला निघाल्या.

गाळलेल्या पाण्यात मी दोन थेंब क्लोरिन टाकलं, तिथे आमचं फाटलं. वास येणाऱ्या पाण्याला त्या तीर्थ मानत नाहीत, आणि वास न येणारं मी त्यांना पिऊ देत नाही.