बिल मीच भरतो ना, फादर!



पुनरुत्थानाच्या सणानंतर घरांना आशीर्वाद देण्यासाठी फिरत असताना एका घरी भर दुपारी व्हरांड्यातला दिवा जळताना दिसला. आत बैठकीत कोणी नव्हते, तरी पंखा फिरत होता, आणि टीव्हीवर बातम्या चालू होत्या, आवाज बंद करून. प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडून झाले, सरबत आले. निघताना सवयीने माझा हात व्हरांड्याच्या बटणाकडे गेला. तेव्हा घरमालक, माणूस मोकळा आणि मनाने चांगला, हसत म्हणाले, "राहू द्या ना फादर. बिल मीच भरतो ना!"

मीही हसलो आणि गाडीला किक मारली. पण पुढच्या तीन-चार घरी प्रार्थना म्हणताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. जे मी पैसे मोजून घेतले ते माझे, आणि जे माझे त्याचे मी वाटेल ते करीन, असा तो विचार आहे. सेमिनरीत मालमत्तेच्या हक्कावर आम्ही वर्गात कितीतरी दिवस वाद घातला होता. तोच प्रश्न इथे व्हरांड्याच्या बटणापाशी उभा होता.

आता हे पाप आहे का? तारेवर आकडा टाकून वीज घेणाऱ्याला सातवी आज्ञा सरळ लागू पडते, त्यात शंका नाही. पण ज्याचे मीटर सरळ आहे, जो तारखेच्या आत बिल भरतो, त्याला कोणती आज्ञा लावायची? (पापनिवेदनात असे पाप कोणी कधी सांगितले आहे का, असे मला विचारू नका. सांगितले असते तरी मी बोलू शकलो नसतो.) चोरी नाही, खोटेपणा नाही, कोणाचे नुकसान केल्याचे दिसत नाही. मग बिघडले कुठे?

या ठिकाणी मला तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनस यांचा आधार वाटतो. माणसाने स्वतःची म्हणून मालमत्ता ठेवावी का, या प्रश्नाचे त्यांनी दोन भाग केले. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे हा एक भाग. यात 'माझे-तुझे' असणे योग्यच आहे, कारण माणूस स्वतःच्या वस्तूची काळजी अधिक घेतो आणि भांडणेही कमी होतात. पण वस्तूचा वापर हा दुसरा भाग. वापराच्या वेळी मात्र माणसाने ती केवळ स्वतःची समजू नये, सर्वांची समजावी आणि गरजवंतासाठी सोडायला तयार असावे. म्हणजे पावती माझ्या नावावर असेल, पण ती पावती मला सांभाळण्याचा अधिकार देते, नासाडीचा परवाना देत नाही.

कोणी म्हणेल, धान्याच्या बाबतीत हे ठीक आहे. जास्तीचे धान्य शेजाऱ्याला देता येते. वीज कशी देणार? खरे तर विजेच्या बाबतीत संत थॉमसचे म्हणणे अधिकच लागू पडते. धान्य कोठारात राहते, वीज राहत नाही. बॅटरीत साठते तेवढी थोडी सोडली, तर ज्या क्षणी ती तयार होते त्याच क्षणी ती कुठेतरी वापरली जाते. संध्याकाळी सात वाजता माझ्या घरात जे जळते आहे ते त्याच घटकेला सगळ्यांच्या एकाच ताटातून घेतलेले आहे.

आपण भंडारा जिल्ह्यातील लोकांनी हे पुस्तकात वाचून शिकलेले नाही. २००५ पासून पुढची काही वर्षे आठवा. खेड्यांत बारा-बारा तास लोडशेडिंग. परीक्षेच्या दिवसांत मुले कंदिलाशी बसत, धानाच्या बांधीत पाणी सुकत असे आणि पिठाच्या गिरणीपुढे डब्यांची रांग लागे. त्या काळात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथे वीज तयार होत होती, अंधार आपल्याकडे होता आणि मुंबई मात्र बहुतांशी उजळलेली होती. आपण तेव्हा चिडून म्हणत होतो की कोळसा आमचा, धूर आम्हाला आणि रोषणाई त्यांना. ते म्हणणे न्यायाचे होते. त्या मुंबईकराने आपल्याला "बिल मी भरतो ना" असे उत्तर दिले असते, तर आपल्याला ते पटले असते का?

त्याच वर्षांत पुणे जिल्ह्यातील गावांतून महावितरणची अक्षय प्रकाश योजना सुरू झाली होती. योजना साधी होती. संध्याकाळी मागणी सर्वांत जास्त असते त्या वेळी गावाने शेतीचे पंप आणि गिरण्या आपणहून बंद ठेवायच्या, घरात फक्त दिवे, पंखे, टीव्ही चालवायचे, आणि त्या बदल्यात गावाचा प्रकाश जाऊ द्यायचा नाही. कालांतराने गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या होत गेल्या आणि हा विषय मागे पडला. मला मात्र त्या योजनेत फार मोठी गोष्ट दिसते. एका शेतकऱ्याने आपला पंप बंद ठेवून काहीच होणार नव्हते. "माझ्या एकट्याने काय फरक पडतो?" हा प्रश्न त्यालाही पडला असेलच. पण तो प्रश्न प्रत्येकाने विचारला असता, तर गाव अंधारात राहिले असते. शेजारी पंप चालू करणार नाही या भरवशावर आपला पंप बंद ठेवायचा, आणि शेजाऱ्याचा तो भरवसा आपणही मोडायचा नाही. चर्चच्या सामाजिक शिकवणुकीत 'सार्वजनिक हित' हा शब्द वारंवार येतो आणि वाचताना तो फार कोरडा वाटतो. त्या गावांनी तो रोज संध्याकाळी पंपाच्या बटणावर आचरणात आणला होता.

आज तसे लोडशेडिंग राहिलेले नाही आणि खरी अडचण इथेच आहे. माझ्या दिव्यामुळे कोणाचा तरी दिवा विझतो, हे तेव्हा दिसत होते. आता दिसत नाही. आता ज्याच्या वाट्यातून मी घेतो तो लांब आहे. आपल्या भागातील वीज मुख्यतः कोळशाची. एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कोळसा जळतो. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे आहे. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तिरोडा आपल्याच जिल्ह्यात होते. मौद्याच्या केंद्राला लागणारे पाणी गोसीखुर्दच्या जलाशयातून जाते. त्या धरणाची कोनशिला १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. धरण मुख्यतः सिंचनासाठी होते, पण त्या पाण्याखाली ज्यांची घरे, शेते आणि आईबापांच्या समाध्या गेल्या, त्यांच्या त्यागात आज आपल्या बटणाचाही थोडा हिस्सा आहे. वैनगंगेच्या काठच्या त्या लोकांना बिलात कुठे जागा आहे? स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क असे सगळे रकाने असतात. त्यांचा रकाना नसतो.

आणि रात्री पाणी देणारा शेतकरी. शेतीच्या वाहिनीला आठवड्यातून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज देण्याची पद्धत आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेला ज्याचे शेत आहे, त्याने मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावरून जाणे म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही. पायाखाली मण्यार, झुडपात वाघाची शंका. शेतीसाठी दिवसा सौर वीज देण्याच्या योजना राज्यात पुढे सरकत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. माझा व्हरांड्याचा दिवा बंद झाला म्हणून उद्या त्याची रात्रीची पाळी टळणार नाही, हे मी मान्य करतो. पण सोयीच्या वेळेची वीज आपल्याला आणि गैरसोयीच्या वेळेची त्याला, अशी वाटणी ज्या ताटात होते, त्या ताटात निदान उष्टे टाकू नये.

बिलाचा युक्तिवाद दुसऱ्या बाजूनेही तपासून पाहू. २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना आणली. शेतकऱ्याची परिस्थिती पाहता मी तिला नावे ठेवणार नाही. पण पैसे भरले म्हणून नासाडीचा हक्क मिळत असेल, तर ज्याने पैसे भरले नाहीत त्याने किती जपून वापरायला हवे! प्रत्यक्षात काय होते? ऑटोस्विच लावून ठेवतात आणि म्हणतात, "फुकटच आहे, चालू दे." म्हणजे पैसे भरले तरी चालू दे आणि नाही भरले तरी चालू दे. यावरून दिसते की बिल हे खरे कारण नव्हतेच. ते आपण मागाहून शोधलेले कारण आहे.

एलईडी दिव्यांनी हा प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटते. साठ वॅटच्या बल्बच्या जागी नऊ वॅटचा दिवा आला, हे उत्तमच झाले. ज्यांच्याकडे अजून जुना 'झिरो'चा बल्ब आहे त्यांनी लक्षात ठेवावे की तो झिरो नाही, पंधरा वॅटपर्यंत वीज घेतो. पण १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तेव्हा इंग्लंडचा कोळसा वाचला नाही, उलट अधिक जळू लागला, कारण स्वस्त पडते म्हणून यंत्रे वाढली. आपणही तेच केले. पूर्वी व्हरांड्यात एक दिवा होता, आता जिन्यात, फाटकावर, छतावर, झाडाला माळा. दिवा काटकसरी झाला, माणूस झाला नाही. तो नऊ वॅटचा दिवा रात्री दहा तास जळला तरी वर्षाला ३३ युनिट होतात, म्हणजे २३ किलो कोळसा. दिवसाही विसरला तर दुपटीहून अधिक.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्यांच्या घरी दोन दिवे आणि एक पंखा आहे, त्यांच्यासाठी हा लेख नाही. त्यांना वीज वाचवायला सांगणे म्हणजे उपाशी माणसाला उपवास सांगणे. तसेच मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेलेला असताना म्हाताऱ्या आईचा कूलर बंद करून कोणी मला बचत सांगू लागले, तर ती बचत मला नको. दुसऱ्याच्या वाट्याची वीज वाचवणे सर्वांत सोपे असते. काही घरांत सासऱ्यांचा टीव्ही दिवसभर चालतो आणि सून स्वयंपाकघरात पंख्याशिवाय घामाघूम होते, तेही मी पाहिले आहे.

योहानच्या शुभवर्तमानातील पाच भाकरींचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. लोक पोटभर जेवल्यावर प्रभू येशू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो, काही वाया जाऊ नये म्हणून, आणि बारा टोपल्या भरतात. मला या प्रसंगात चमत्काराइतकेच आश्चर्य या आज्ञेचे वाटते. ज्याला पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घालता येते, त्याला तुकड्यांची काय गरज? टंचाई नव्हती, खर्चही झाला नव्हता. तरीही तो तुकडे वेचायला लावतो. जे देणगी म्हणून मिळाले ते पायदळी जाऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे कारण असावे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात अनावश्यक दिवे बंद करण्याचा मुद्दाम उल्लेख केला, तेव्हा काहींना हसू आले होते की पोपसाहेबांना हेच काम उरले का. तुकडे वेचताना शिष्यही मनात हसले असतील.

आता आपल्या घरचे, म्हणजे चर्चचे. इथले बिल कोणा एकाच्या खिशातून जात नाही, आणि म्हणून रविवारच्या मिस्सानंतर बारा पंखे रिकाम्या बाकांना वारा घालत राहतात. मागच्या नाताळात दर्शनी भागावरचे हॅलोजन पहाटेपर्यंत चालू होते. ते मीच लावायला सांगितले होते आणि बंद करायला विसरून झोपलो. टाकी भरून पाणी अंगणात वाहत असताना मोटार चालूच, हेही आपल्या आवारात घडले आहे. घरमालकाचे बटण बंद करायला निघालेल्या पाद्र्याने आधी आपले मीटर पाहावे, हे त्या सद्गृहस्थांनी मला ऐकवले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

या महिन्यापासून चर्चचे वीजबिल सूचनाफलकावर लावले जाईल, आणि त्यावर रुपयांना नव्हे, युनिटच्या आकड्याला लाल वर्तुळ केलेले असेल. नाताळच्या रोषणाईबद्दल पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत बोलायचे आहे. तरुण मंडळींचे म्हणणे वेगळे असणार, ते जरूर ऐकू. बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या घरचे शेवटचे बिल बरोबर आणावे. किती भरले ते मी विचारणार नाही.

आपला,
फादर