तोंडात जपलेली ठेव



लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळ खडकांत कार्डिनल नावाचा छोटा मासा राहतो. जगात त्याच्या ३०० हून अधिक जाती आहेत आणि बहुतेकांची लांबी १० सेंटिमीटरच्या आतच असते. त्यांतल्या बहुतेक जाती निशाचर आहेत. दिवसा हा मासा कपारीत, प्रवाळाच्या सावलीत थांबतो. अंधार पडला की बाहेर येतो आणि पाण्यातले बारीक जीव टिपून खातो.

मादीने अंडी घातली की नर त्यांचा पुंजका आपल्या तोंडात घेतो. पिल्ले बाहेर येईपर्यंत, म्हणजे कित्येक दिवस, तो ती तोंडातच सांभाळतो. मधूनमधून तोंड उघडून अंडी हलवतो, म्हणजे त्यांना ताजे पाणी मिळते. या काळात तो जवळजवळ काहीच खात नाही. रात्री सोबतचे मासे चरायला जातात, हा मात्र उपाशी राहतो.

विचार करा, पोटात भूक आहे आणि अन्न जिभेवरच आहे! काही वेळा एखादा नर ती अंडी गिळूनही टाकतो. त्याला दोष देऊ नका. विवेकाची देणगी त्याला नाही, आपल्याला आहे.

आपल्याही तोंडात अशी ठेव असते. सत्संगानंतर एखादी भगिनी आपल्याजवळ मन मोकळे करते. घरातला कलह सांगते, मुलाचे व्यसन सांगते. आपण घरी पोहोचण्याआधीच ती गोष्ट तिसऱ्याच्या कानावर गेलेली असते. आपण म्हणतो, "तिच्यासाठी प्रार्थना करा, म्हणून सांगितले." खरे तर ती प्रार्थना नसते, बोलण्याची भूक असते. पुढच्या वेळी ती भगिनी कोणाजवळच बोलत नाही.

आपण एकादशीला अन्न सोडतो. तेच तोंड दुसऱ्याचे दुःख चघळत असेल, तर तो उपवास कसला?

मात्र जपणे म्हणजे विसरून जाणे नव्हे. मासा अंड्यांना ताजे पाणी देतो, तशी आपणही त्या भगिनीची पुन्हा विचारपूस करावी. मदत लागणार असेल, तर आधी तिलाच विचारावे की कोणाला सांगू.

आज रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारा: माझ्यावर विश्वासाने सोपवलेली कोणती गोष्ट मी आज गिळली, आणि कोणती जपली?