चिठ्ठीवरचे नाव

गेल्या गणेशोत्सवात धारवाडच्या आमच्या गल्लीत माजी विद्यार्थ्यांनी ‘संग्या-बाळ्या’ची छोटी आवृत्ती बसविली; निम्मी कन्नड, निम्मी मराठी. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचे हे सण्णाट उत्तर कर्नाटकातल्या जुन्या जाणत्यांना सांगायला नको. सण्ण म्हणजे लहान, आट म्हणजे खेळ. दोड्डाटात पुराणातले राजे गदा घेऊन नाचतात. सण्णाटात शेजारचे घर रंगमंचावर येते. इऱ्याची बायको गंगा संग्याच्या मनात भरते, एक म्हातारी दूती निरोप पोहोचविते, आणि शेवटी जिवलग मित्र बाळ्याच दगा देऊन संग्याला मारेकऱ्यांच्या हाती सोपवितो. मूळ प्रकार खऱ्या खुनाचा, असे मानले जाते.

खून खरा, पण प्रेक्षक हसून बेजार! दूतीच्या प्रत्येक वाक्याला दोन अर्थ. कन्नड कच्चे असणारे शेजाऱ्याला अर्थ विचारीत आणि अर्ध्या मिनिटाने हसत. म्हणजे प्रत्येक विनोदाला दोनदा हशा. (आमच्या तमाशातल्या मावशीची ही सख्खी बहीणच.) मीही हसलो. मुख्याध्यापकाने हसू नये असा नियम नाही.

शेवटी मुलांनी एक नवी टूम काढली. प्रेक्षकांना चिठ्ठ्या वाटल्या : खरा गुन्हेगार कोण? कल्पना तशी जुनीच. अ‍ॅन रँडच्या ‘नाइट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ’ या नाटकाचा १९३५ साली ब्रॉडवेवर प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षकांतूनच ज्यूरी निवडीत आणि तिच्या निकालाप्रमाणे शेवट बदले. आमच्याकडे मोजणीचे काम वडीलधारा म्हणून माझ्याकडे आले.

सर्वांत उंच गठ्ठा गंगेचा निघाला.

वाचकहो, सुरी इऱ्याच्या बाजूची, दगा बाळ्याचा, वासना संग्याची. हे सर्व आम्ही तासभर डोळ्यांनी पाहिले होते. आणि दूतीच्या नावाने एकही चिठ्ठी नाही! मला त्या रात्री झोप लागली नाही ती यामुळे. जिने आपल्याला हसविले तिला दोषी कसे म्हणायचे? तिला दोष दिला तर आपला हशाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. हसताना आपण तिच्या कटात सामील होतो, आणि निवाड्याची वेळ आली की जिने आपल्याला हसविले नाही ती सापडते.

तेंडुलकरांच्या १९६७ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्येही खोटा खटला करमणूक म्हणूनच सुरू होतो. आरोपी बेणारे समोर उभी असते; प्रोफेसर दामले मात्र त्या खेळाला आलेलाच नसतो. गैरहजर माणसावर निवाडा करण्यात गंमत नसते, हे त्या मंडळींना न सांगता कळले होते. आम्हालाही कळले.

माझी स्वतःची चिठ्ठी? तीही गंगेच्याच गठ्ठ्यात होती. लिहिताना क्षणभरही विचार केला नव्हता.

घरी परतताना सौ. ने विचारले, “कुणाचं नाव लिहिलंत?” मी म्हणालो, मतदान गुप्त असते.

“मी कोरीच टाकली,” ती म्हणाली.

तेव्हा आठवले. बायकांच्या बाजूने फिरविलेल्या ताटात पुष्कळ चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. मी त्या ‘बाद’ म्हणून बाजूला काढल्या होत्या, मोजल्याही नव्हत्या.