घाटातले वेळापत्रक

वय वाढले की धावण्याचा वेग उतरतो, हा शरीराचा धर्म आहे. त्या उतरलेल्या वेगाकडे कसे पाहावे, हा मात्र नीतीचा प्रश्न आहे. चाळिशीत मी दहा किलोमीटर ४५ मिनिटांत धावत असे; आज छप्पन्नाव्या वर्षी ५५ मिनिटे लागतात. सराव तोच, पहाटही तीच. मग उणा कोण झाला? मी, की नुसता आकडा?

बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये १९वे आले. त्यांच्यापुढे १८ जण होते. तरी सीमाभागात त्यांचे नाव अभिमानानेच घेतले जाते. आकड्याला अर्थ येतो तो परिस्थितीमुळे.

आम्हा कॅसलरॉककरांना हे रेल्वेनेही शिकवले आहे. कुळेहून दूधसागरावरून वर येणारा लोहमार्ग ३७ फुटांना १ फूट चढतो. जड मालगाडीला जादा इंजिने जोडावी लागतात, तरी ती सावकाशच चढते. तिला कोणी 'लेट' म्हणत नाही. मैदानातले वेळापत्रक घाटात लावायचे नसते.

येथे एक धोका आहे. आपले वेळापत्रक आपणच लिहू लागलो, तर कोणतीच गाडी कधी उशिरा येणार नाही! 'वय झाले' हे वाक्य कारण म्हणून खरे आणि सबब म्हणून खोटे असू शकते. शाळेत आम्ही पाचवीला दहावीची प्रश्नपत्रिका देत नाही. पण पाचवीचा पेपर सैल हाताने तपासतही नाही. वयोगटाच्या शर्यतीचे मर्म हेच. प्रश्नपत्रिका बदलते, तपासणी नाही.

कॅनडाचे एड व्हिटलॉक २००४ साली, ७३व्या वर्षी, मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटांत धावले. २०१६ साली, ८५व्या वर्षी, त्यांना ३ तास ५६ मिनिटे लागली. घड्याळाच्या हिशेबी तासाभराची घसरण. पण दोन्ही वेळा त्या वयोगटातला तोवरचा जागतिक विक्रम!

वेग गेल्याचे दुःख होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला ते होत नाही, तो पूर्वी मनापासून धावलाच नसावा. पण घड्याळ फेकून देणे हा त्यावर उपाय नव्हे. घड्याळाकडून खरा आकडा घ्यावा आणि स्वतःकडून खरा प्रयत्न. आकडा वर्षागणिक बिघडत जाणारच. प्रयत्न बिघडला, तरच हरलो म्हणावे.