जीव वाचला, गाण्याचं काय?

आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या रानात रीजंट हनीईटर नावाचा काळा-पिवळा पक्षी राहतो. आता तो जेमतेम तीनशेच्या आसपास उरलाय. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं, की त्याचे सुमारे १२ टक्के नर स्वतःच्या जातीचं गाणं गातच नाहीत. ते भलत्याच पक्ष्यांची गाणी म्हणतात.

घरट्यात पिल्लं असताना बाप गप्प राहतो. पिल्लू उडायला लागलं की भोवतालच्या थोरल्या नरांचं ऐकून शिकतं. थोरलेच नसले तर कानावर पडेल ते उचलतं, आणि मग अशा नराला जोडीदारीण मिळणंही अवघड होतं.

म्हणजे गाणं रक्तातून येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात पीटर मार्लर यांनी १९६०च्या दशकात एका जातीच्या चिमण्यांचा अभ्यास केला. काही किलोमीटरवर त्यांची बोली बदलते, आणि एका भागातल्या पिल्लाला दुसऱ्या भागातलं गाणं वेळेत ऐकवलं तर ते तेच शिकतं. पूर्व आफ्रिकेतल्या बिळांत राहणाऱ्या केसविरहित मोल रॅटचंही तसंच: परक्या वसाहतीत वाढलेलं पिल्लू तिथलीच बोली बोलतं. वसाहतीतली प्रमुख मादी, म्हणजे राणी, मेली की बोलीची घडीही विस्कटते.

इथे धर्मविचारापुढे एक खरा प्रश्न उभा राहतो. आपली भूतदया एकेका प्राण्याचा विचार करते. दिगंबर जैन मुनी मोरपिसांच्या पिंछीने जागा हळुवार झाडून मगच बसतात, ते तिथल्या किड्यामुंगीचा जीव जाऊ नये म्हणून. ही करुणा थोर आहे. पण गाणं कुठल्याच एका देहात नसतं. ते गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये असतं. सगळे पक्षी जिवंत ठेवूनही ते मरू शकतं, आणि त्या मरणाला हिंसा म्हणायचं की नाही?

म्हणायला हवं. मौखिक परंपरेवर उभ्या असलेल्या समाजाला तरी हे वेगळं सांगायला नको. पतंजलीने महाभाष्यात ऋग्वेदाच्या २१ शाखा सांगितल्या. आज प्रामुख्याने शाकल शाखाच म्हटली जाते. बाकीच्यांचे वंशज नाहीसे झाले असं नव्हे, गुरूकडून शिष्याकडे जाणारा पाठ थांबला.

सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात आता हनीईटरच्या पिल्लांना गाणं शिकवतात. नुसतं ध्वनिमुद्रण पुरलं नाही. रानात जन्मलेले प्रौढ नर शेजारी ठेवावे लागले, आणि एका नरामागे पिल्लं थोडी ठेवली तेव्हा शिकवणी चांगली साधली.